चिठ्ठी कोणाच्या हातची

आईच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात रेशन कार्ड, विम्याच्या पावत्या आणि रबरबँड लावलेला पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मतदानाची चिठ्ठी टाकून द्यायची नसते, पुढच्या खेपेला लागते, अशी तिची समजूत. ती कधीच लागली नाही, कारण पुढच्या खेपेला यादीचा भागही बदललेला असतो आणि अनुक्रमांकही. पण गठ्ठा वाढत गेला. ती गेल्यावर डबा माझ्याकडे आला आणि २०२४च्या नोव्हेंबरात मी त्यात एकदम तीन चिठ्ठ्या टाकल्या. तिन्ही माझ्याच नावाच्या, माहीम विधानसभा मतदारसंघाच्या, तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या माणसांनी दारात आणून दिलेल्या.

तिन्ही शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. नाव, वय, भाग क्रमांक, अनुक्रमांक, मतदान केंद्र, बस. पक्षांनी वाटायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची असावी, तिच्यावर उमेदवाराचं नाव नको आणि चिन्हही नको, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. आयोग स्वतःही आता अधिकृत चिठ्ठी छापतो. आधी तिच्यावर फोटो असे, २०२१पासून फोटो गेला आणि क्यूआर कोड आला. तरी माहीममध्ये चिठ्ठी म्हटलं की सरकारी चिठ्ठी डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो दारात उभा असलेला माणूस. कागदावर चिन्ह नसलं तरी कागद देणाऱ्या हाताला चिन्ह असतं आणि ते सगळ्या चाळीला पाठ असतं.

आमच्या चाळीला चिठ्ठ्या आणून देणारा गटप्रमुख गेली तीस वर्षं एकच आहे. त्याच्याकडे यादीची झेरॉक्स चिकटवलेली लांबट वही असते. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण. बरोबरची खूण म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, नुसता ठिपका म्हणजे काठावरचा. शून्य म्हणजे गेलेला. आईच्या नावापुढे शून्य आहे, कारण तिचं नाव यादीतून कमी करायचा फॉर्म भरायचा माझ्याकडूनच राहून गेला. दर निवडणुकीला तो तिची चिठ्ठी गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "काकींची माझ्याकडेच राहू दे." मतदानाच्या दिवशी दुपारी तीनला तो वही उघडतो. बरोबरच्या खुणेची जी माणसं अजून आली नाहीत त्यांच्या दारावर पोरं पाठवतो. कोणाला रिक्षा लागते, कोणाला जिना उतरताना हात, आणि कोणाला फक्त "भाऊंनी विचारलंय" एवढं ऐकायचं असतं.

हरलेला पक्ष हरलेली जागा परत कशी मिळवतो, या प्रश्नावर टीव्हीवर बसलेली मंडळी मुद्दे, लाट, चेहरा, नॅरेटिव्ह असे शब्द वापरतात. माहीमच्या जागेचा माग काढताना मला दरवेळी या वहीशी यावं लागतं. इथे समोरच्याची मतं वळवून जागा परत आल्याचं फारसं दिसत नाही. जिंकलेल्याच्या घरात भांडण लागतं, कोणीतरी रुसून बाहेर पडतो आणि जागा त्याच्या मागोमाग येते. हरलेल्यांनी तोवर एवढंच करायचं की वही कोरी पडू द्यायची नाही.

या गोष्टीचा उगम बराच मागे आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्हाचा कागद, आणि मतदाराने कोरा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. १९५७लाही हीच पद्धत होती, शिक्का पुढे आला. त्या १९५२च्या निवडणुकीत मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेवर दादरच्या राजगृहात राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि समाजवाद्यांचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४,५६१ मतांनी निवडून आले. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरं मत कुजवायला सांगितलं, असा आंबेडकर आणि मेहतांचा आरोप होता. त्यांनी रीतसर दादही मागितली, पण हाती काही लागलं नाही. 'मत कुजवणं' हा शब्द तेव्हापासून मध्य मुंबईच्या तोंडी आहे. मताला धान्यासारखी कीड लागते, असं या भागाला फार लवकर कळलं.

पाच वर्षांनी हेच भांडणारे एका मांडवाखाली आले. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, सगळे संयुक्त महाराष्ट्र समितीत. आई तेव्हा एकवीसची, म्हणजे नुकतीच मतदार झालेली. शिवाजी पार्कवर आचार्य अत्र्यांचं भाषण ऐकून घरी येताना चप्पल हरवली, एवढं तिला नेमकं आठवायचं. अत्रे दादरमधून विधानसभेवर गेले, कम्युनिस्टांचे डांगे लोकसभेवर. राज्य द्विभाषिक असल्याने ३९६पैकी २३४ जागा घेऊन काँग्रेसने सरकार टिकवलं, पण मराठी मुलखात तिची पुरती दमछाक झाली.

मग काँग्रेसने ती जमीन परत कशी मिळवली? समितीला जे हवं होतं तेच देऊन. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला आणि समितीला एकत्र ठेवणारी दोरीच सुटली. प्रजासमाजवादी त्याआधीच कुरकुरत होते. १९६२ला २६४पैकी २१५ जागा काँग्रेसच्या झाल्या. १९५७ला जिंकलेले डांगे १९६२ला पडले आणि १९६७ला विरोधकांची पुन्हा मोट बांधली गेल्यावर परत लोकसभेत पोहोचले. तोच माणूस, तोच गिरणगाव. त्याच वर्षी जॉर्ज फर्नांडिसांनी दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं, तेही अशाच एकत्र आलेल्या मतांवर. मत बदललं असं म्हणणं इथे जड जातं. कुजणारी मतं एका पेटीत पडली, इतकंच.

आता शाखेकडे येऊ. १९ जून १९६६ला शिवाजी पार्कजवळच्या रानडे रोडवर शिवसेना जन्मली. ३० ऑक्टोबरला पार्कवर पहिला मेळावा झाला. शाखा हा शब्द संघाकडून उचललेला, पण शाखेच्या कामाचे बाप तीन. वस्तीतली व्यायामशाळा, गणेश मंडळ आणि लाल बावट्याची गिरणी कमिटी. पहिलीकडून पोरं आली, दुसरीकडून वर्गणीची वही आणि तिसरीकडून ही सवय की नळाला पाणी नसेल तर बाई आधी पक्षाच्या माणसाकडे येते, मग महापालिकेकडे. शाखेच्या टेबलावर केईएमला न्यायची चिठ्ठी, शाळाप्रवेशाची चिठ्ठी, रेशन दुकानदाराला द्यायची चिठ्ठी. वर्षभर अशा चिठ्ठ्या लिहिणाऱ्या हाताने पाच वर्षांतून एकदा मतदानाची चिठ्ठी आणून दिली तर ती नाकारणार कोण?

सेनेने १९६८ला महापालिकेत १४०पैकी ४२ जागा घेतल्या. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७०ला खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिकांनी देसाईंच्या पत्नी सरोजिनी यांना १,६७९ मतांनी हरवलं. सेनेचा तो पहिला आमदार. कम्युनिस्टांची ती जागा त्यांना कधीच परत मिळाली नाही. का, याचं उत्तर गिरण्यांच्या भोंग्यांत आहे. १९८२च्या संपानंतर भोंगे बंद झाले, गिरणी कमिटी ज्या खात्यात बसायची ते खातंच उरलं नाही, आणि वही धरणारा माणूस गावी गेला.

सेनेवरही तशीच पाळी आली होती, हे आज कोणाला आठवत नाही. आणीबाणीला पाठिंबा दिल्याची किंमत १९७८ला मोजावी लागली. विधानसभेत भोपळा, महापालिकेत अवघ्या २१. १९८०ला तर विधानसभेला उमेदवारच उभे केले नाहीत. सेना संपली असं लिहिणारे तेव्हा बरेच होते, आणि जमाखर्च पाहता त्यांचं चुकलं होतं असंही नाही. १९८५च्या मार्चमध्ये एकटे छगन भुजबळ माझगावातून आले. आणि काही आठवड्यांत महापालिकेत १७०पैकी ७४ जागा.

मधल्या काळात एवढंच झालं की मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा घाट आहे, असा अर्थ निघेल असं वक्तव्य खुद्द मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी केलं. वसंतदादांना त्यातून पक्षांतर्गत हिशेब चुकवायचे होते असं म्हणतात, पण फळ सेनेच्या पदरात पडलं. माझ्या म्हणण्याला हा अपवाद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. इथे मुद्द्याने काम केलं, बंडखोराने नाही. तरी एक प्रश्न उरतोच. तोच मुद्दा जनता पक्षाला का उचलता आला नाही? सात वर्षं सत्ता नव्हती तरी शाखांची दारं उघडी होती. संध्याकाळी सातला फळ्यावर खडूने मजकूर लिहिला जात होता. सुरुंगाची वात आयत्या वेळी मिळाली, पण दारू आधीच भरून ठेवलेली होती.

पुढची वीस वर्षं भरभर सांगतो, कारण जिंकण्याच्या वर्षांत सांगण्यासारखं फार घडत नाही. १९९० आणि १९९५ला दादरमधून मनोहर जोशी, आणि १९९५च्या मार्चमध्ये शिवाजी पार्कवरच त्यांचा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी. शेजारच्या माहीममधून १९९०पासून सलग चार वेळा सुरेश गंभीर. १९९५चीच एक गोष्ट मात्र जाता जाता सांगायला हवी. सेना सोडून काँग्रेसमध्ये गेलेल्या भुजबळांना माझगावात बाळा नांदगावकर नावाच्या तरुणाने पाडलं. मोठं नाव गेलं तरी शाखा मागे राहिली होती आणि शाखेतच पुढचा माणूस बसलेला होता. सेना या विजयाचं भांडवल पुढे वर्षानुवर्षं करत राहिली. आपल्यावरही हा डाव उलटू शकतो, हे मात्र ध्यानात घेतलं नाही.

डाव उलटायला निमित्त झालं मतदारसंघांच्या पुनर्रचनेचं. २००८च्या नव्या नकाशात दादर हा मतदारसंघच राहिला नाही. दादर, शिवाजी पार्क, प्रभादेवी हा पट्टा माहीमच्या जागेत आला. सेनेच्या हक्काच्या दोन जागांची एक झाली, आमदार मात्र दोन होते. माहीमचे गंभीर आणि २००४ला दादरहून निवडून आलेले सदा सरवणकर. गंभीर २००९ला लोकसभा लढले आणि काँग्रेसच्या एकनाथ गायकवाडांकडून हरले. याच गायकवाडांनी पाच वर्षांपूर्वी जोशींना हरवलं होतं, म्हणजे पायाखालची वाळू सरकायला लागल्याची खूण आधीच मिळाली होती. विधानसभेला सरवणकरांना वाटलं आता वाट मोकळी झाली. पण तिकीट मिळालं 'होम मिनिस्टर'मधून घराघरांतल्या वहिनींना पैठणी वाटणाऱ्या आदेश बांदेकरांना. सरवणकर काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांच्या समर्थकांचा राग जोशींच्या घरापर्यंत पोहोचला.

तिसरा कोन राज ठाकरेंचा. त्यांनी ९ मार्च २००६ला महाराष्ट्र नवनिर्माण सेना काढली होती. त्यांच्या बाजूने नितीन सरदेसाई उभे होते.

त्या वर्षी आमच्या चाळीत चिठ्ठी आली ती आमच्याच गटप्रमुखाच्या हातून, पण त्याच्या गळ्यातला पट्टा बदलला होता. भगवा जाऊन काँग्रेसचा तीन रंगांचा आला होता. आईने चिठ्ठी घेतली, चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "काय रे, वही तीच ना?" तो हसला. "काकी, वही तीच, खुणा बदलल्या." मला वाटतं त्या निवडणुकीचं याहून नेमकं विश्लेषण मी नंतर कुठे वाचलं नाही. सरदेसाईंना ४८,७३४ मतं, काँग्रेसच्या चिन्हावर सरवणकरांना ३९,८०८, बांदेकरांना ३६,३६४. दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज करा, ७६,१७२ होते. एकाच घरातले दोघे मिळून जिंकणाऱ्याच्या दीडपट. आणि सेना भवन ज्या जागेत उभं आहे तिथेच सेना तिसरी. मनसेचे त्या वर्षी राज्यात १३ आमदार आले, त्यातले सहा मुंबईतले. माझगावचे तेच बाळा नांदगावकर आता शिवडीतून मनसेचे.

२०१२च्या महापालिकेत मनसेचे २८ नगरसेवक आले आणि शिवाजी पार्कच्या आसपासचे प्रभागही तिच्या इंजिनाच्या चिन्हाला गेले. सेनेच्या दृष्टीने ही नामुष्की होती. सेनेने ती कशी भरून काढली, हे मला फार बोलकं वाटतं. नवा चेहरा शोधला नाही. नवा मुद्दा काढला नाही. ज्याला २००९ला दार दाखवलं त्याच सरवणकरांना घरात परत घेतलं आणि २०१४ला तिकीट दिलं. युती तुटलेली होती, भाजपचा वेगळा उमेदवार होता. सरवणकर ४६,२९१, सरदेसाई ४०,३५०. सरदेसाईंची आठ हजारांवर मतं घटली, पण खरी गोष्ट ती नव्हे. रुसलेला माणूस परत आला आणि आपल्यासोबत वह्या परत घेऊन आला. आमच्या गटप्रमुखाच्या गळ्यात पुन्हा भगवा पट्टा दिसला. या वेळी आईने काही विचारलं नाही. तिने फक्त चहा ठेवला.

सरवणकर २०१९ला ६१,३३७ मतांवर गेले. मनसेचे संदीप देशपांडे ४२,६९० वर थांबले.

मनसेबद्दल इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण ती या गोष्टीची उलटी बाजू आहे. तीन निवडणुकांत तिच्याकडे या जागेवर चाळीस हजारांच्या वर मतं होती. राज ठाकरेंचं घर इथेच, पार्कवरची सभा इथेच, गर्दी तर विचारू नका. तरी २००९नंतर जागा परत आली नाही. माझ्या मते कारण असं की तिच्याकडे मतं राहिली पण वह्या राहिल्या नाहीत. २०१७ला मुंबईत तिचे सात नगरसेवक आले आणि त्याच वर्षी त्यातले सहा सेनेत गेले. रुसून बाहेर पडायला मनसेला मोठं दार होतं, परत आत यायला खिडकीसुद्धा नव्हती. काँग्रेसची गत याहून वाईट. २०१९ला तिच्या उमेदवाराला पंधरा हजारांच्या आसपास मतं पडली आणि आमच्या रस्त्यावर तिचं टेबल लावायला पोरं मिळेनात. पुढे आघाडीत ही जागा तिने मागितलीही नसेल, मागितली असती तर लोक हसले असते.

आणखी एक गोष्ट वह्यांना खाते आहे, ती कुठल्याच पक्षाच्या हातात नाही. चाळी पडतायत, टॉवर उभे राहतायत. अर्धी बिऱ्हाडं भाड्याने डोंबिवलीला, विरारला, नावं मात्र माहीमच्या यादीत. मतदानाच्या दिवशी त्यांना आणायला गाड्या करायच्या हा एक नवाच खर्च. आणि टॉवर झाला की खाली वॉचमन, इंटरकॉम, अभ्यागतांची नोंदवही. गटप्रमुखाला लिफ्टपर्यंत जाता येत नाही. चौदाव्या मजल्यावरच्या माणसापुढे तो कुठली खूण करणार? त्या नावांपुढे ठिपकेच ठिपके आहेत.

आता थोडं मागे, २०१७ला. महापालिकेला प्रभादेवीत सेनेचं तिकीट सरवणकरांचे चिरंजीव समाधान यांना मिळालं. तिथले जुने शिवसैनिक महेश सावंत नाराज झाले, अपक्ष उभे राहिले आणि २५९ मतांनी पडले. एका प्रभागात, चिन्हाशिवाय, एवढ्या थोड्या फरकाने. त्या आकड्याकडे तेव्हा कोणी फारसं पाहिलं नाही, पण वही धरणाऱ्यांनी तो लिहून ठेवला असणार. पुढे सावंत सेनेत परतले.

जून २०२२ला शिवसेना फुटली आणि सरवणकर एकनाथ शिंदेंबरोबर गेले. दादर-माहीमचे विभागप्रमुख म्हणून उद्धव ठाकरेंनी सावंतांना पुढे केलं. सप्टेंबरच्या विसर्जनाला प्रभादेवीत दोन्ही गट भिडले आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२३मध्ये पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना मिळाला, ठाकरेंकडे मशाल राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीला सिद्धिविनायक न्यासाचं अध्यक्षपद सरवणकरांकडे आलं, आणि त्यांच्या आधी त्या खुर्चीत होते आदेश बांदेकर. नियतीला विनोदबुद्धी असते की नाही माहीत नाही, पण प्रभादेवीला नक्की आहे.

चाळीतल्या शाखेचं काय झालं, हे मी जवळून पाहिलं. फळी तीच, वाघ तोच, बाळासाहेबांची तसबीर तीच. एका संध्याकाळी दोन माणसं दोन कुलपं घेऊन आली. बराच वेळ तावातावाने बोलणं झालं, मग कोणीतरी चहा मागवला आणि शाखा ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली. आमचा गटप्रमुख बाहेर कट्ट्यावर बसून होता. मी विचारलं, "तुम्ही कुठे?" त्याने वहीवर हात ठेवला आणि म्हणाला, "या वेळी मी कुठे जात नाही. गेलो तर माझं मीच मला ओळखणार नाही." तो मशालीकडे राहिला.

२०२४च्या मेमध्ये लोकसभा झाली. दक्षिण मध्य मुंबईतून ठाकरेंचे अनिल देसाई अर्ध्या लाखाहून जास्त मतांनी आले, पण माहीमच्या हद्दीत मात्र शिंदेंच्या सेनेचे राहुल शेवाळे चौदा हजारांच्या आसपास मतांनी पुढे होते. म्हणजे मशालीने ही जागा कागदावर हरलेली होती. राज ठाकरेंनी तेव्हा महायुतीला बिनशर्त पाठिंबा दिला होता, हे विसरू नका.

सहाच महिन्यांत त्यांचा मुलगा अमित याच जागेवर उभा राहिला. ठाकरे घराण्यातला विधानसभा लढणारा दुसरा. भाजपच्या नेत्यांना वाटत होतं की सरवणकरांनी माघार घ्यावी. ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, निरोपानिरोपी झाली. सरवणकरांची माणसं राज यांना भेटायला गेली, भेट झाली नाही आणि अर्ज राहिला. उद्धव ठाकरेंनीही पुतण्यासाठी जागा सोडली नाही. २०१९ला उद्धव यांचे चिरंजीव आदित्य यांच्यासमोर वरळीत मनसेने उमेदवार दिला नव्हता, त्याची परतफेड होईल असं वाटणाऱ्यांची निराशा झाली. तिकीट मिळालं ते महेश सावंतांना.

२३ नोव्हेंबरला आम्ही चाळीच्या चौकात मोबाइलभोवती कोंडाळं करून उभे होतो. फेरीगणिक आघाडी इकडून तिकडे जात होती. शेवटचा आकडा आला तेव्हा सावंत ५०,२१३, सरवणकर ४८,८९७, अमित ठाकरे ३३,०६२. फरक १,३१६. राज्यभर महायुतीचा पूर आलेला, ठाकरेंच्या सेनेचे अवघे २० आमदार, त्यातले दहा मुंबईचे, आणि त्यात ही जागा. मी घरी येऊन मे महिन्याचा आकडा काढून पाहिला. लोकसभेला मशालीला या हद्दीत पंचावन्न हजारांच्या आसपास मतं होती. म्हणजे सहा महिन्यांत मतं पाच हजारांनी घटली आणि जागा आली. हरलेल्या पक्षाने आणखी मतं गमावली आणि हरलेली जागा जिंकली. हे गणित शाळेत शिकवलं तर मुलं शिक्षकांना वेड्यात काढतील, पण १९५२पासून या भागात तेच चालू आहे.

५ जुलै २०२५ला वरळीच्या डोममध्ये उद्धव आणि राज हे दोघे चुलतभाऊ एका व्यासपीठावर आले. वर्षअखेरीला महापालिकेसाठी युती जाहीर झाली, मतदान १५ जानेवारी २०२६ला. मशाल आणि इंजिनाची माहीमची बेरीज ८३,२७५ होते, आणि ती त्या दिवसांत सगळ्या रस्त्यावर लोक बोटांवर करत होते.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून दोनशे मीटरवर टेबलं लागली. मशालवाले आणि इंजिनवाले एकत्र बसणार म्हणून मोठं टेबल आणलं होतं, त्यावर प्लास्टिकचं छप्पर. गटप्रमुख आपली वही घेऊन बसला. शेजारी मनसेचा एक तरुण, हातात टॅबलेट, त्यात आख्खी यादी, नाव टाकलं की भाग आणि अनुक्रमांक पडद्यावर. दोघांच्या याद्यांवरच्या खुणा जुळेनात. एकाची फुली दुसऱ्याची बरोबरची खूण होती, आणि गेली पंधरा वर्षं दोघांनी एकमेकांची माणसं फुल्यांतच घातली होती. तरुण म्हणाला, "काका, तुमची वही द्या, मी सगळं यात भरून घेतो."

गटप्रमुखाने वही मांडीवर ओढून घेतली. मग माझ्याकडे बघून, गठ्ठ्यातून एक चिठ्ठी काढून खिशात ठेवली आणि म्हणाला, "काकींची माझ्याकडेच आहे."